नांगर किती फाळी घ्यावा? ट्रॅक्टरची ओढ, जमीन आणि नांगर यांचा हिशेब

नांगर घ्यायला गेलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला: ट्रॅक्टर किती एचपीचा? पंचेचाळीस सांगितलं की दोन फाळी (माती कापणारी दोन पाती असलेला) हायड्रॉलिक पलटी नांगर पुढे येतो, तीस सांगितलं की एक फाळी. बऱ्याचदा हा अंदाज जमतोही. पण त्याच पंचेचाळीस एचपीच्या ट्रॅक्टरवर तोच नांगर मध्यम जमिनीत नऊ इंच चालतो, आणि भारी काळ्या रानात सात इंचांवर गेला की चाकं जागेवर फिरायला लागतात. इंजिन मात्र तेव्हा दमलेलं नसतं. आवाज मोकळा, धूर साधा, आरपीएम जागेवर. म्हणजे अडचण एचपीची नाही, पकडीची आहे. मागच्या चाकांवर वजन किती पडतं आणि त्या वजनावर टायर मातीला किती धरतो, यावर ट्रॅक्टरची खरी ओढ ठरते. नांगर निवडताना हे आधी पाहिलं तर पुढचं बरंच नुकसान टळतं.

हा हिशेब वहीत अर्ध्या तासात होतो. त्यासाठी चार गोष्टी माहीत हव्यात: नांगराची खरी रुंदी, हवी ती खोली, मातीचा प्रकार आणि ट्रॅक्टरचं वजन.

नांगराला लागणारी ओढ

ओढ (किलो) = एका फाळाची रुंदी (सेंमी) × फाळांची संख्या × खोली (सेंमी) × मातीचा विरोध (किलो प्रति चौरस सेंमी)

मातीचा विरोध म्हणजे एक चौरस सेंटिमीटर माती कापून पलटायला लागणारा जोर. पलटी नांगरासाठी, वापशावर (फार ओली ना फार कोरडी, मशागतीजोगी ओल असताना) आणि ताशी साडेचार-पाच किलोमीटर वेगाने, हे आकडे धरून चालावं:

हलकी, वालुकामय किंवा बारीक मुरमाची जमीन: ०.३५
मध्यम, पोयट्याची जमीन: ०.५५
भारी काळी जमीन: ०.७५

हे वापशाचे आकडे आहेत. रब्बी निघून दोन महिने झाले, काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, की विरोध एकच्याही पुढे जातो. अशा रानात नांगर घातला तर फाळ माती कापत नाही, ढेकळं उचकटून काढतो. ती ढेकळं फोडायला पुन्हा रोटाव्हेटरच्या पाळ्या, पुन्हा डिझेल. म्हणून हरभरा किंवा ज्वारी निघाली की खालची ओल जायच्या आत नांगरट उरकून घेणं, हा ओढ कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

वापसा वरून बघून कळत नाही. ज्या खोलीवर नांगर चालवायचा तिथली माती खुरप्याने काढा, मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. गोळा फुटून सुटा झाला तर वापसा आहे. नुसता चपटा झाला तर रान ओलं आहे: फाळामागे चकचकीत, चिकणे थर निघतील, टायर घसरेल आणि तळाशी घट्ट थर बसेल. गोळाच होत नसेल, खडे हाताला टोचत असतील, तर उशीर झाला आहे.

आता दोन फाळी, १२ इंची नांगर घेऊ. बारा इंच म्हणजे ३० सेंमी, दोन फाळ मिळून ६० सेंमी. खोली १० इंच, म्हणजे २५ सेंमी. एका वेळी कापली जाणारी माती ६० × २५ = १५०० चौरस सेंमी. हलक्या जमिनीत ओढ ५२५ किलो, मध्यम जमिनीत ८२५ किलो, भारी काळ्या जमिनीत ११२५ किलो. नांगर तोच, खोली तीच, पण हलक्यापेक्षा भारी रानात ओढ दुपटीहून जास्त. गावातल्या दुसऱ्या कुणाचा ट्रॅक्टर आणि नांगर बघून आपला घेणं यामुळेच फसतं. त्याचं रान कोणतं, ते आधी विचारायला हवं.

इथे ‘१२ इंची’ या शब्दावर भरवसा ठेवू नका. नांगर सपाट जागेवर उभा करा आणि पहिल्या फाळाच्या टोकापासून दुसऱ्या फाळाच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर मोजा, ट्रॅक्टर चालायच्या दिशेला काटकोनात. तीच एका फाळाची खरी रुंदी. बारा इंची म्हणून विकलेल्या नांगरात ती तेरा-चौदा इंचही भरू शकते, आणि दोन फाळांत मिळून तीन इंच वाढले तर काळ्या रानात दीडशे किलोंच्या आसपास ओढ वाढते.

ट्रॅक्टर किती ओढू शकतो

इथे दोन मर्यादा आहेत आणि त्या वेगवेगळ्या काढाव्या लागतात.

पहिली इंजिनाची. बॉनेटवर लिहिलेला एचपी इंजिनाचा असतो. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, टायरचं दबणं आणि घसरणं यांत त्यातला बराच जातो. न नांगरलेल्या घट्ट जमिनीवर इंजिन एचपीच्या साधारण ५५ टक्के ओढकामाला मिळतात, एकदा नांगरलेल्या मोकळ्या रानात ४७ टक्के आणि भुसभुशीत मऊ जमिनीत ४० टक्के. म्हणजे ४५ एचपीच्या ट्रॅक्टरचे घट्ट रानात सुमारे २५ एचपी हाताशी येतात. नांगराला लागणारा एचपी असा काढायचा:

ओढीचा एचपी = ओढ (किलो) × वेग (किमी प्रति तास) ÷ २७०

काळ्या रानातली ११२५ किलो ओढ, वेग साडेचार: ११२५ × ४.५ ÷ २७० = १८.७५ एचपी. त्यासाठी इंजिन सुमारे ३४ एचपीचं हवं. आपल्याकडे ४५ आहेत. कागदावर सगळं छान दिसतं.

दुसरी मर्यादा पकडीची, आणि खरी अडवणूक इथे होते. घट्ट, कोरड्या-वापशाच्या रानात, घसरण पंधरा टक्क्यांच्या आत ठेवून, ट्रॅक्टर चालत्या चाकांवरच्या वजनाच्या साधारण ४५ टक्के ओढतो. मोकळ्या मातीत हे प्रमाण ३५ टक्क्यांपर्यंत उतरतं, ओलसर रानात आणखी खाली. टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरमध्ये चालती चाकं म्हणजे फक्त मागची दोन.

पंचेचाळीस एचपीचा टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर धरा, वजन २००० किलो. त्यातलं साधारण १२४० किलो मागच्या चाकांवर, ७६० पुढच्या चाकांवर. नांगर चालू असताना नांगराच्या वजनाचा काही भाग आणि ओढीमुळे पुढून मागे सरकलेलं वजन मिळून मागे आणखी ४५० किलो धरायला हरकत नाही. मागचं वजन झालं १६९०, म्हणजे अंदाजे १७००. त्याचे ४५ टक्के ७६५ किलो. एवढी या ट्रॅक्टरची ओढ.

आता ताळा जुळवा. हलक्या जमिनीला ५२५ लागतात, मजेत चालेल. मध्यम जमिनीला दहा इंचांवर ८२५ लागतात, थोडक्यात कमी पडेल, नऊ इंचांवर (२२.५ सेंमी) ७४२ लागतात, तिथे काठावर जमेल. भारी काळ्या रानात दहा इंचांना ११२५ लागतात आणि आपल्याकडे ७६५ आहेत. इंजिनात अकरा एचपी शिल्लक असूनही हा नांगर दहा इंच जाणार नाही. कंपनीच्या पत्रकात दोन फाळी पलटीसमोर ४५-५५ एचपी लिहिलेलं असतं, त्यामागेही हीच गोष्ट आहे. एवढा एचपी नांगराला लागतो म्हणून नव्हे, तर एवढ्या एचपीच्या ट्रॅक्टरला साधारण पुरेसं वजन असतं म्हणून.

याचा उलटा अर्थही लक्षात घ्या. पंचेचाळीसऐवजी पन्नास एचपीचा ट्रॅक्टर घेतला, पण त्याचं वजन आणि टायर तेच असले, तर नांगराची खोली एक बोटही वाढणार नाही. फार तर नांगर थोडा जोरात पळेल.

वजन वाढवलं तर

मागच्या टायरात पाणी भरणं हा पहिला आणि स्वस्त उपाय. १३.६-२८ च्या एका टायरात तीन चतुर्थांश भरले तर साधारण १९५ लिटर बसतात, १४.९-२८ मध्ये २४० च्या आसपास. चाक जॅकवर घेऊन व्हॉल्व्ह सगळ्यात वर येईल असं फिरवा आणि पाणी व्हॉल्व्हच्या पातळीला येईपर्यंत भरा, म्हणजे बरोबर तेवढंच भरतं. वर हवा राहायलाच हवी. टायर पाण्याने काठोकाठ भरला तर तो दबत नाही, दणके सरळ अ‍ॅक्सलला आणि बसणाऱ्याला लागतात.

दोन टायरांत मिळून जवळपास ३९० किलो वाढले की ओढीत त्याच्या ४५ टक्के, म्हणजे १७५ किलो भर पडते. ७६५ चे झाले ९४०. आता मध्यम जमिनीत दहा इंच (८२५) जमतील. काळ्या रानात आठ इंच, म्हणजे २० सेंमी: ६० × २० × ०.७५ = ९००. होईल, पण काठावर. रानात जिथे कडक पट्टा लागेल, कुंद्याची किंवा हराळीची गड्डी लागेल, तिथे चाक फिरेल. म्हणून हिशेब करताना उपलब्ध ओढीपेक्षा नांगराची ओढ १५ टक्के तरी कमी बसेल असं बघावं.

काळ्या रानात उसासाठी दहा-बारा इंच खोल नांगरायचं असेल, तर टू व्हीलवर वजनं चढवत बसण्यापेक्षा फोर व्हील ड्राइव्हचा विचार करावा. तिथे सगळं वजन कामाला येतं. २३०० किलोचा फोर व्हील ट्रॅक्टर, नांगराचे ३०० धरले तर २६०० × ०.४५ = ११७० किलो. काळ्या रानातले दहा इंच (११२५) इथे गाठता येतात, आणि टायरात पाणी भरलं की हवी ती शिल्लकही राहते. एचपी मात्र जवळपास तोच.

तीन फाळी, १२ इंची नांगराचा मोह अनेकांना होतो, एकर लवकर उरकतो म्हणून. भारी रानात दहा इंचांवर त्याची ओढ ९० × २५ × ०.७५ = १६९० किलोंच्या घरात जाते. त्याला चालत्या चाकांवर पावणेचार टन वजन हवं. हे काम साठ-सत्तर एचपीच्या पुढच्या, वजनदार फोर व्हीलचं आहे. पन्नास एचपीच्या टू व्हीलवर तीन फाळी फक्त हलक्या रानात आणि सहा-सात इंचांवर शोभतो.

लहान ट्रॅक्टरवाल्यांनी असं धरावं: २८ एचपी, वजन १२५० किलो, मागचं कामातलं वजन हजारच्या आसपास, ओढ ४५० किलो. मध्यम जमिनीत एक फाळी १४ इंची नांगर नऊ इंचांवर (३५ × २२ × ०.५५ = ४२४) चालेल. काळ्या रानात १२ इंची एक फाळ आणि आठ इंच खोली, त्याच्या पुढे जाऊ नये.

ट्रॅक्टरचं वजन आणि ओढ यांचे खरे आकडे हवे असतील तर मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्रीय ट्रॅक्टर चाचणी संस्थेचा त्या मॉडेलचा चाचणी अहवाल बघा. त्यात पुढच्या-मागच्या चाकांवरचं वजन, पीटीओ (मागच्या फिरत्या दांड्याचा) एचपी, ओढीची चाचणी आणि हायड्रॉलिकची उचल असं सगळं वेगवेगळं दिलेलं असतं. डीलरकडे मागून बघा. ते नाही जमलं तर साखर कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या काट्यावर आधी पूर्ण ट्रॅक्टर आणि मग फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन वजन करता येतं. डिझेल टाकी भरलेली आणि ड्रायव्हर वर बसलेला असावा.

पुढचं तोंड हलकं होतं तेव्हा

दोन फाळी हायड्रॉलिक पलटी ४०० किलोंच्या आसपास भरतो आणि उचलल्यावर त्याचा भार मागच्या अ‍ॅक्सलच्या दीड मीटर मागे लोंबतो. ट्रॅक्टरच्या पुढच्या-मागच्या चाकांत दोन मीटर अंतर असेल तर पुढच्या चाकांवरून ४०० × १.५ ÷ २ = ३०० किलो कमी होतात. ७६० पैकी ४६० उरतात. पुढच्या चाकांवर एकूण वजनाच्या वीस टक्के तरी भार हवा, नाहीतर स्टेअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर वळत नाही. इथे एकूण २४०० चे वीस टक्के ४८० होतात, म्हणजे आपण कमीच पडलो. बंपरला शंभर किलोंची वजनं लावली की भागतं. कॅनॉलचा चढ, बांध ओलांडणं, ओढ्यातून वर येणं, अशा वेळी हे शंभर किलो फार मोलाचे असतात.

टायरचा भारही तपासा. नांगर उचललेला असताना मागच्या अ‍ॅक्सलवर १२४० + ४०० + ३००, शिवाय पाण्याचे ३९०, असे २३०० किलोंच्या वर जातात. टायरवर लिहिलेली भारक्षमता आणि मॅन्युअलमधला हवेचा दाब यांच्याशी हे जुळलं पाहिजे. शेतात चालवताना हवा रस्त्यापेक्षा कमी ठेवावी, पण इतकीही नाही की ओढ आली की टायरच्या भिंतीला सुरकुत्या पडतील. नांगरटीचा हंगाम संपला की वजनं उतरवा आणि पाणी काढा. पेरणीच्या वेळी हेच वजन रान दाबतं.

रानात तपासणी: चाक की इंजिन?

कागदावरचा हिशेब रानात तपासायचा. नांगर हव्या त्या खोलीवर लावून शंभरेक मीटर सरळ चालवा आणि दोन गोष्टी बघा.

चाक घसरतंय का, हे मोजायला मागच्या टायरवर खडूने खूण करा. नांगर उचललेला ठेवून त्याच रानात चाकाचे दहा फेरे होईपर्यंत चालवा आणि अंतर मोजा. समजा ४० मीटर भरले. आता नांगर खाली, तीच खोली, पुन्हा दहा फेरे: ३४ मीटर. घसरण (४० − ३४) ÷ ४० = १५ टक्के. टू व्हीलला दहा ते पंधरा टक्के ठीक, फोर व्हीलला आठ ते बारा. वीसच्या पुढे गेली की डिझेल आणि टायर दोन्ही मातीत जातात. त्याचबरोबर पाचच्या खाली घसरण असेल तर ट्रॅक्टरवर नाहक वजन चढवलं आहे किंवा नांगर फार लहान आहे.

रोज मोजायची गरज नाही. मागच्या चाकाने सोडलेला ठसा बघायची सवय लावा. टायरच्या दांड्यांचा ठसा कडांसकट कोरीव उमटला तर घसरण फार कमी. ठशाचा मधला भाग मोडलेला पण दोन्ही कडा ओळखू येतात, तर बरोबर. ठसा पुसून नुसती घासलेली पट्टी राहिली तर नांगर जास्त होतोय.

दुसरी गोष्ट आरपीएम. नांगर जमिनीत उतरताना आरपीएम १८०० वरून १६५०-१७०० वर येऊन स्थिर झाला तर इंजिन आरामात आहे. चौदाशेच्या खाली बसत गेला, सतत काळा धूर येऊ लागला, तर इंजिनावर भार जास्त.

या दोन्हींतून निदान होतं. चाक फिरतंय आणि आरपीएम जागेवर आहे: वजन वाढवा, खोली किंवा रुंदी कमी करा. गिअर बदलून काही होणार नाही, कारण गिअर खाली टाकल्याने पकड वाढत नाही. चाक धरतंय पण आरपीएम बसतोय: एक गिअर खाली टाका, वेग कमी करा. नांगर तोच चालेल.

वेगाचा भार लोक विसरतात. २० मीटर अंतर १६ सेकंदांत कापलं तर वेग ताशी साडेचार किलोमीटर. वेग चारवरून सहावर नेला तर पलटी नांगराची ओढ सुमारे १४ टक्के वाढते, पण लागणारा एचपी जवळपास ७० टक्क्यांनी वाढतो, कारण जास्त ओढ जास्त वेगाने ओढायची असते. एकर लवकर उरकायला वेगाऐवजी कडेची वळणं कमी करा, तास (नांगराची सरी) लांब घ्या. दोन फाळी बारा इंचीने, साडेचारच्या वेगाने, वळणं धरून तासाला अर्धा एकर होतो. एकराला दोन तास धरून चाला.

नांगर बरोबर निवडला, तरी जड जातोय

कधी हिशेब बरोबर असतो आणि तरीही नांगर ओढवत नाही. तेव्हा जोडणी आणि झीज बघा.

सगळ्यात आधी फाळाची नोक. ती बोथट झाली की नांगर जमिनीत शिरत नाही, मग ड्रायव्हर टॉप लिंक (नांगर ट्रॅक्टरला जोडणारी वरची दांडी) आवळून त्याला बळेच नाकावर उभा करतो आणि ओढ वाढते. तपासायला नांगर उचलून पक्क्या ठोकळ्यांवर टेकवा. लँडसाइड पट्टीच्या (तासाच्या भिंतीला घासत जाणारी पट्टी) टाचेपासून फाळाच्या नोकेपर्यंत तळाला एक सरळ पट्टी धरा. मध्ये, फाळ जिथे पट्टीला मिळतो तिथे, ३ ते ५ मिलिमीटर फट दिसली पाहिजे. ही फटच फाळाला खाली ओढून घेते. फट दिसत नसेल, नोक वर झिजली असेल, तर नोक बदला किंवा उलटी लावा. तशीच पट्टी बाजूनेही धरून बघा. तिथे साधारण ५ मिलिमीटर हवी. कडक मुरमाड रानात नोक एका हंगामातही संपते, आणि नोकेचा खर्च वाया गेलेल्या डिझेलच्या मानाने किरकोळ असतो.

टॉप लिंक अशी लावा की काम करताना नांगराची फ्रेम जमिनीला समांतर दिसेल. लिंक आखूड केली की नाक खाली, मागचा फाळ वर: पहिला तास खोल, दुसरा उथळ. लांब केली तर उलट. रान नांगरल्यावर दोन तासांच्या खोलीत फरक दिसत असेल तर आधी हेच बघा. आडवी पातळी पलटी नांगरात दोन्ही बाजूंच्या स्टॉप बोल्टने जुळवतात. डावीकडे आणि उजवीकडे वेगवेगळी खोली पडत असेल तर तिथे फरक आहे.

ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो, स्टेअरिंग सतत धरून ठेवावं लागतं, तेव्हा चाकांमधलं अंतर तपासा. पलटी नांगराला मागची दोन्ही चाकं मध्यापासून सारख्या अंतरावर हवीत, आणि पुढच्या चाकांची आतली कड मागच्यांच्या आतल्या कडेशी एका रेषेत हवी. चाक तासातून चालतं, त्यामुळे हे अंतर बदललं की पहिल्या फाळाची रुंदीही बदलते. अंतर जास्त असेल तर पहिला फाळ सोळा इंच घेतो आणि दुसरा बारा. ओढ वाढते आणि मध्ये न पलटलेली पट्टी राहते. मोठ्या ट्रॅक्टरला एकच बारा इंची फाळ लावला तर याच कारणाने ट्रॅक्टर सतत तिरका ओढत राहतो. फार लहान नांगर लावणंही म्हणून चुकीचं.

हायड्रॉलिकची दांडी ड्राफ्ट कंट्रोलवर ठेवूनच नांगरावं. कडक पट्टा आला की टॉप लिंकवरचा दाब वाढतो आणि नांगर स्वतःच बोटभर उचलला जातो, त्याच वेळी त्याचं वजन मागच्या चाकांवर येतं. पोझिशन कंट्रोलवर नांगर तिथेच अडून बसतो आणि चाक फिरतं. बाजूच्या चेन काम करताना किंचित ढिल्या, उचलल्यावर घट्ट. पिनांचा मेळही बघा: कॅटेगरी (जोडणीचा मापगट) एकच्या खालच्या पिना २२ मिमी आणि टॉप लिंकची १९, कॅटेगरी दोनच्या २८ आणि २५. मोठ्या डोळ्यात लहान पिन बुश न घालता लावली तर झटक्याने डोळा ओढला जातो.

डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं) सरळ तासातच वापरा, तेही जमिनीवरचं चाक फिरू लागलं तर, आणि वळायच्या आधी सोडा. शिअर बोल्ट तुटत असेल तर त्या जागी कडक पोलादाचा बोल्ट घालू नका. दगडाला किंवा मुळाला फाळ अडल्यावर तुटायचा तो बोल्टच असतो. तो तुटला नाही तर फाळाचा पाय वाकतो, किंवा थेट फ्रेम.

नांगर झाडाच्या मुळात अडकला, पुढची चाकं उचलायला लागली, तर क्लच झटक्याने सोडू नका. क्लच दाबा, नांगर हायड्रॉलिकने उचला, मागे घ्या. बसलेला ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढायचा असेल तर साखळी ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या ड्रॉबारलाच (मागची खालची ओढदांडी) बांधा. ती टॉप लिंकच्या जागी किंवा अ‍ॅक्सलवरून बांधली की ट्रॅक्टर मागच्या चाकांभोवती उलटा होऊन ड्रायव्हरवर येतो, आणि हे इतक्या पटकन होतं की क्लचपर्यंत पाय पोचत नाही.

जुना नांगर घेताना

फ्रेमला दोरी लावून ती सरळ आहे का बघा. सगळ्या फाळांच्या नोका सपाट फरशीवर एकाच वेळी टेकल्या पाहिजेत. एक अधांतरी राहिली तर त्या फाळाचा पाय वाकलेला आहे. पलटी सिलिंडरचा तेलगळ आणि पाइपांच्या चिरा बघा, आणि आपल्या ट्रॅक्टरला ऑक्झिलरी व्हॉल्व्ह (बाहेरच्या सिलिंडरला तेल देणारा) आहे का, याची खात्री आधीच करा. तो नसेल तर हायड्रॉलिक पलटीच होणार नाही, आणि नंतर बसवून घ्यायचा खर्च नांगराच्या किमतीत धरावा लागेल. उसाच्या पाचटात किंवा पऱ्हाटीच्या धसकटांत काम असेल तर दोन फाळांमधली आणि फ्रेमखालची मोकळी जागा जास्त असलेला नांगर घ्या. अरुंद नांगरात पाचट अडकून ढीग लोटत नेतो आणि ओढीचा सगळा हिशेब कोलमडतो. सौदा पक्का करण्याआधी आपल्याच रानात, आपल्याच ट्रॅक्टरवर नांगराचे दोन तास मारून बघा, टेप खिशात असू द्या, आणि पाच-सहा ठिकाणी खोली मोजा.